अब्बांचा गुर्दा आणि अकरावा रोजा

२०१९ सालचा रमजान ७ मेला सुरू झाला. मराठवाड्यात दुष्काळ होता. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नव्हतं. टँकरचा भोंगा वाजला की रोजा असलेल्या बायका घागरी घेऊन धावायच्या. पहाटे साडेचारच्या आसपास सहरी संपायची आणि सातला पाच-दहा मिनिटं कमी असताना रोजा सुटायचा. म्हणजे जवळपास साडेचौदा तास, तेही मराठवाड्यातल्या मे महिन्याचे.

अब्बा टेलर आहेत. रमजान हा टेलरचा सीझन. शबे-बारात झाली की ऑर्डरी घेणं बंद करावं लागतं, इतकं काम पडतं. पठाणी, कुर्ता-पायजमा, पोरांचे शेरवानी टाइप ड्रेस. चांदरातीपर्यंत दुकानाचं शटर रात्री दोनच्या आधी पडत नाही. दुकान दहा बाय आठचं, वर पत्रा, आणि गल्लीत मुतारी नाही. त्यामुळे दिवसभर पाणी कमी प्यायची सवय त्यांना रोज्याच्याही आधीपासून. चाळीस वर्षं पाय-मशीन मारून गुडघे गेलेले, कंबर गेलेली. त्यावर मेडिकलमधून आणलेली गोळी. डॉक्टरची चिठ्ठी वगैरे काही नाही, दुकानदाराला नुसतं ‘कंबरवाली’ म्हणायचं. बीपीची गोळी मात्र डॉक्टरने दिलेली होती, ती नियमाने चालू होती.

१७ मे, शुक्रवार, अकरावा रोजा. मी पुण्यात होतो. धाकट्या भावाचा फोन आला, ‘अब्बा जुमे के बाद मस्जिद की सीढी पे बैठे, उठ नै रे.’

गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं, रक्त तपासलं. क्रिएटिनिन ४.६. जानेवारीत ते १.९ होतं. तेव्हाही ते जास्तच होतं, पण ‘लक्ष ठेवा’ एवढंच सांगितलं गेलं होतं आणि लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या दवाखान्यातले डॉक्टर अब्बांच्या उशाशी उभे राहून म्हणाले, ‘तुमच्या लोकांना कितीही सांगा, उपाशी मरायची हौस काही जात नाही.’ अब्बांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्या माणसाचं निदान बरोबर होतं. रोज्याने त्रास वाढला हेही बरोबर होतं. पण त्या एका वाक्यानंतर पुढचे तीन महिने अब्बांनी ‘रोजा’ आणि ‘किडनी’ हे दोन शब्द एकत्र ऐकूनच घेतले नाहीत. बरोबर गोष्ट चुकीच्या तोंडून आली की किती महाग पडते, ते मी घरात पाहिलं.

आम्ही त्यांना औरंगाबादला नेलं. तिथले डॉक्टर वयाने अब्बांएवढेच, कमी बोलणारे. त्यांनी सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या. कंबरवाली गोळी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. बीपीची गोळी बाजूला ठेवली, ‘ही चांगली आहे, पण सध्या थांबवतो, मी सांगितल्यावर परत सुरू करायची.’ सलाईन, रोज लघवीचं माप, रोज रक्त. आठव्या दिवशी क्रिएटिनिन २.४ वर आलं. डायलिसिस टळलं. १.९ वर मात्र ते परत कधीच गेलं नाही.

निघताना मी त्यांना विचारलं, की अकरा रोज्यांत असं काय झालं? चोपन्न वर्षं हा माणूस रोजे ठेवतोय. ते म्हणाले, ‘रात्री लघवीला किती वेळा उठतात?’ मी म्हणालो, तीन-चार वेळा. ‘किती वर्षं झाली?’ अम्मीने सांगितलं, पाच-सहा तरी. ‘तेव्हाच यायला हवं होतं.’ मग त्यांनी एका रिपोर्टच्या पाकिटामागे पेनाने एक आकृती काढली. ती मी ओळखली. बारावीला पाच मार्कांना असायची. नेफ्रॉन. तेव्हा मी ती रंगवून काढली होती आणि त्यात नेमकं काय होतं याचा मला पत्ता नव्हता.

त्या उन्हाळ्यात मी ती आकृती नव्याने शिकलो. मी डॉक्टर नाही. जे समजलं ते सांगतो, कारण आपल्या घरांत ‘गुर्दे फेल’ हा शब्द मौतीच्या खबरीसारखा येतो आणि त्याच्या आधीचं सगळं अंधारात असतं.

आपल्या दोन किडन्या मिळून वजनाने पाव किलोच्या थोड्या वर. पण हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर फेकतं, त्याचा पाचवा हिस्सा या दोघी घेतात. मिनिटाला लिटरभर रक्त. एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या. गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता आणि त्याभोवती एक वाटी. विल्यम बोमन या इंग्रज डॉक्टरने १८४२मध्ये ती वाटी आणि तिची नळी यांचं नातं दाखवलं, म्हणून तिला त्याचं नाव आहे. रक्ताच्या दाबानेच पाणी, मीठ, साखर, युरिया त्या गुंत्यातून वाटीत झिरपतं. रक्तपेशी आणि प्रथिनं आत राहतात. मिनिटाला सव्वाशे मिलिलिटर. ऐकायला कमी वाटतं. दिवसाचे होतात १८० लिटर. आपण विकत घेतो त्या वीस लिटरच्या जारच्या भाषेत सांगायचं तर नऊ जार. त्या दुष्काळात घरात दोन जार आले तरी अम्मी खूश व्हायची, आणि इथे प्रत्येकाच्या पोटात रोज नऊ जार गाळले जात होते.

त्यातलं लघवी म्हणून बाहेर जातं दीड लिटरच्या आसपास. बाकी सगळं नळीतून रक्तात परत. मला हे आधी वेडेपणाचं वाटलं. सगळं ओतायचं आणि मग हवं ते उचलून परत आत घ्यायचं? पण नंतर पटलं. काय काय घाण रक्तात येईल याची यादी शरीराकडे नसते. घरातलं सगळं सामान अंगणात काढायचं आणि ओळखीचं तेवढंच परत आत न्यायचं, ईदच्या आधी आपल्या घरी होते तशी साफसफाई आहे ही. जे ओळखीचं नाही ते आपोआप बाहेर राहतं.

आता यातली अवघड गोष्ट. हे गाळणं दाबावर चालतं, आणि रक्ताचा दाब तर दिवसभर वरखाली होत असतो. जिना चढलो, वाढला. झोपलो, उतरला. त्या हिशेबाने गाळणंही वरखाली झालं असतं तर एखाद्या भांडणात आपण लिटरभर पाणी गमावून बसलो असतो. तसं होत नाही. सरासरी दाब ८० ते १८०च्या मध्ये कुठेही असला तरी गाळण्याचा वेग जवळपास तोच राहतो. किडनी हे स्वतः सांभाळते, मेंदूला विचारत नाही.

कसं? प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक वाहिनी असते आणि नेणारी दुसरी. दोन्हींना स्नायूंचं अस्तर आहे, त्यामुळे दोन्ही आवळता येतात, सैल सोडता येतात. आत येणारी वाहिनी जोराने ताणली गेली की आपोआप आवळते. ही झाली पहिली युक्ती. दुसरी मला जास्त आवडते. गाळणीतून निघालेली नळी खाली जाते, वळते, वर येते आणि फिरून स्वतःच्याच गाळणीच्या दाराशी येऊन तिला चिकटते. तिथे मोजक्या पेशी बसलेल्या असतात, मॅक्युला डेन्सा त्यांचं नाव. त्या नळीतल्या पाण्याचं मीठ चाखतात. मीठ जास्त लागलं तर याचा अर्थ वर गाळणं फार जोरात चाललंय, खाली उचलायला वेळ मिळत नाही. मग त्या आत येणारी वाहिनी आवळायला लावतात. मीठ कमी लागलं तर उलटं. येणारं दार सैल होतं, आणि शेजारच्या पेशी रेनिन सोडतात, त्याच्यापासून पुढे अँजिओटेन्सिन बनतं, ते जाणारं दार आवळतं. येणारं उघडं, जाणारं अरुंद, म्हणजे मध्ये दाब टिकून राहतो. अंगात पाणी कमी पडलं, दाब उतरला, तरी गाळणं चालू राहावं म्हणून ही सोय. रोज्यात, उन्हात, प्रवासात हीच सोय आपल्याला धरून ठेवते.

आणि अब्बांच्या गोळ्यांनी नेमकं याच दोन दारांशी भांडण घेतलं होतं. पाणी कमी असताना येणारं दार उघडं ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं लागतात. कंबरवाली गोळी दुखणं थांबवते ती प्रोस्टाग्लँडिन बनू न देऊनच. कंबरेतही आणि किडनीतही. गोळीला कुठे माहीत, ती कुणी कशासाठी घेतली. तिकडे बीपीची गोळी अँजिओटेन्सिनला अडवते, म्हणजे जाणारं दार सैल. एरवी ते चांगलं असतं. गाळणीवरचा जादा दाब कमी होतो आणि किडनी जास्त वर्षं टिकते, म्हणून तर डॉक्टर ती देतात. कुणी हे वाचून ती गोळी मनाने बंद करू नये. पण पाणी आटलेलं, येणारं दार मिटलेलं आणि जाणारं सताड उघडं, अशी वेळ एकाच दिवशी आली की मधला दाब बसतो. गाळणं थांबतं. १७ मेला मस्जिदीच्या पायरीवर तेच झालं होतं.

ही झाली अर्धी गोष्ट. ‘रात्री किती वेळा उठतात’ या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या अर्ध्यात आहे, आणि ते मला अब्बांना सांगायचं होतं. पण अब्बा ऐकायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं एकच, ‘गर्मी की वजह से हुआ. गुर्दे को क्या हुआ? पेशाब तो पानी सरीका साफ है.’

त्यांना त्याचा अभिमान होता. घरात कुणाची लघवी पिवळी झाली की ते सांगायचे, माझ्यासारखं पाणी प्या. जुन्या लोकांची ही सवयच. माझ्या नानीच्या काळात हकीमकडे जाताना बाटलीत कारूरा घेऊन जायचे. इब्न सिनाच्या ‘अल-कानून’मध्ये लघवीचा रंग, घट्टपणा, वास यांवर मोठं विवेचन आहे. नानीला इब्न सिना माहीत नव्हता, पण रंगावरून माणूस ओळखायची पद्धत तिच्यापर्यंत आली होती, आणि तिच्या जावयापर्यंतही.

१२ ऑगस्टला बकरी ईद होती. कुर्बानी झाली, हिस्से वाटून झाले, अम्मी स्वयंपाकघरात कलेजी-गुर्दा साफ करत होती. मी एक गुर्दा उचलला आणि लाकडी पाटावर सुरीने लांबीतून उभा चिरला. अब्बा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी पाट त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. आयुष्यभर खाल्लेली चीज, पण चिरून बघायला कोण जातो?

बाहेरून गडद तांबडा पट्टा. आतला भाग वेगळ्या रंगाचा, त्यात आत सरकत जाणाऱ्या बारीक रेघा. अगदी मध्ये पांढुरकी पोकळी आणि चरबी. मी म्हणालो, अब्बा, गाळण्या या बाहेरच्या पट्ट्यात. आणि ह्या ज्या रेघा दिसतात त्या नळ्या. बाहेरून आत खोल जातात, वळतात, परत वर येतात. सगळं गाळणं जर बाहेरच होतं, तर नळी एवढ्या आत कशाला जाते? अब्बांनी चष्मा लावला. टेलर माणूस, बारीक रेघ दिसली की हात आपोआप पुढे जातो. बोटाने रेघेवरून फिरवत म्हणाले, ‘कायकू जाती?’

तीन महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला होता.

नळीच्या या वळणाला जेकब हेन्ले या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे, १८६२ सालापासून. त्याने वळण पाहिलं, पण ते कशासाठी आहे हे पुढची ऐंशी वर्षं कळलं नाही. मग ज्याला सुचलं तो डॉक्टर नव्हता. वेर्नर कून हा बाझलमधला रसायनतज्ज्ञ. १९४२मध्ये त्याने मांडलं, की शेजारी-शेजारी दोन नळ्या, एकीत प्रवाह खाली, दुसरीत वर, आणि मध्ये थोडीशी देवाणघेवाण असली, तर टोकाशी भरपूर फरक साठवता येतो. १९५१मध्ये त्याने आणि त्याच्या दोन साथीदारांनी उंदरांच्या किडन्या गोठवून त्यांचे पातळ काप काढले आणि प्रत्येक कापातलं पाणी किती खारं आहे ते मोजलं. बाहेरच्या पट्ट्यात ते रक्ताएवढं. आत जावं तसं खारं, आणखी खारं. टोकाशी सगळ्यात जास्त.

माणसाच्या किडनीत टोकाशी हा खारेपणा रक्ताच्या चौपट होतो. खाली जाणाऱ्या नळीतून पाणी बाहेर पडू शकतं. वर येणाऱ्या नळीतून पाणी बाहेर पडत नाही, पण ती मीठ पंपासारखं बाहेर फेकते. एका पायरीवर फरक थोडाच पडतो. पण बाहेर फेकलेलं मीठ खाली येणाऱ्या पाण्याला घट्ट करतं, ते घट्ट पाणी वळून वर येतं तेव्हा पंपाला फेकायला आणखी मीठ मिळतं. फेरीवर फेरी, फरकावर फरक. युरियाही त्यात भर घालतो. आपण ज्याला घाण म्हणून बाहेर काढतो, त्याचाच काही भाग किडनी आतल्या भागात साठवून कामाला लावते.

एवढं करून लगेच लघवी घट्ट होते असंही नाही. वर पोचेपर्यंत नळीतलं पाणी उलट पातळ झालेलं असतं, कारण मीठ गेलं, पाणी राहिलं. मग ते शेवटच्या नळीतून पुन्हा एकदा त्याच खाऱ्या भागातून खाली उतरतं. आता खरा प्रश्न येतो, त्या नळीच्या भिंतीला दारं आहेत की नाहीत? दारं उघडली तर खारेपणा पाणी बाहेर खेचून घेतो, रक्तात परत देतो, आणि उरते ती थोडी, पिवळीधम्मक लघवी. दारं बंद राहिली तर पाणी तसंच बाहेर. दारं उघडायचा हुकूम मेंदूतून येतो. रक्त एक-दोन टक्के जरी घट्ट झालं तरी मेंदूला कळतं आणि तो व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडतो. तहानही साधारण त्याच सुमारास लागते. ही दारं म्हणजे एक प्रथिन आहे हे १९९२मध्ये पीटर अॅग्रे यांनी दाखवलं. ते किडनी शोधत नव्हते, रक्ताच्या लाल पेशींवरचं दुसरंच काही शोधताना ते हाताला लागलं. २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यावर मिळालं.

ही नावं आणि सालं मी अब्बांना सांगितली नाहीत. त्यांना एवढंच सांगितलं, की दुपारी अस्रच्या वेळी रोजेदाराची लघवी घट्ट पिवळी होते ना, ते वाईट नाही. किडनी पाणी वाचवतेय. रात्री आपण सात-आठ तास झोपतो आणि उठावं लागत नाही, तेही त्यामुळेच. आणि तुमची लघवी रोज्यातही पाण्यासारखी साफ होती. म्हणजे तुमची किडनी पाणी वाचवायचं विसरली आहे.

अब्बा काही बोलले नाहीत.

मी आतून फाइल आणली. तीन वर्षांत तीन वेळा लघवीची तपासणी झाली होती. प्रत्येक रिपोर्टवर ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’ म्हणून एक ओळ असते, लघवी पाण्याच्या मानाने किती जड ते. तिन्ही वेळा १.०१०. सकाळच्या पहिल्या लघवीची. एकदा तसा आकडा येण्यात काही विशेष नाही. पण रात्रभर पाणी न प्यालेल्या धडधाकट माणसाची पहाटेची लघवी बहुतेक वेळा त्याहून जड असते. प्रत्येक वेळी तोच आकडा येतो तेव्हा किडनी रक्ताच्या पाण्याएवढंच पातळ पाणी बाहेर सोडत असते. घट्ट करणं तिला जमत नसतं, पातळ करणंही जमत नसतं. किडनी खराब व्हायला लागली की बऱ्याचदा ही ताकद लवकर जाते. शाबूत राहिलेल्या गाळण्यांवर सगळा भार येतो, त्यांच्या नळ्यांतून कचरा इतक्या जोराने वाहतो की पाणी उचलायला सवडच मिळत नाही. आतला खारेपणा धुऊन निघतो. म्हणून माणूस रात्री उठतो. आपण म्हणतो वय झालं, साखर असेल, प्रोस्टेट असेल. ते असतंही कधी कधी. पण तपासायला काय जातं?

मग मी हिशेब मांडला. दुकानाच्या बिलबुकाच्या मागे, कारण हिशेबाची भाषा अब्बांना कळते. शरीराला रोज जो कचरा बाहेर काढावाच लागतो तो समजा ६००. धडधाकट किडनी एका लिटरमध्ये १२०० कोंबू शकते. म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये दिवसाचं काम झालं. तुमची किडनी लिटरमध्ये ३००च कोंबते. म्हणजे त्याच कामाला दोन लिटर पाणी. साडेचौदा तासांच्या रोज्यात माझं पाव लिटरच्या थोडं वर पाणी जातं, तुमचं सव्वा लिटर. घाम वेगळा, श्वास वेगळा. रोजा तुम्ही तोंडाने ठेवता, किडनीला तो ठेवताच येत नाही. ती दिवसभर पाणी सोडत राहते.

अब्बांनी बिलबुक हातात घेतलं. ३०० आणि १२०० वर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘मतलब सुई चल री, पर टांका ढीला आ रा.’

शिलाई मशीनवर वरच्या धाग्याचा ताण आणि खालच्या बॉबिनचा ताण, दोन्ही बरोबर नसले तर मशीन चालताना आवाजही येतो, कापड पुढे सरकतं, शिलाई पडल्यासारखी दिसते आणि ओढलं की उसवते. येणाऱ्या-जाणाऱ्या दारांची गोष्ट मला वेगळी समजवावी लागली नाही. वरचा ताण, खालचा ताण. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, ‘और वो कमर की गोली?’ मी म्हणालो, ती वरचा स्क्रू आवळते. ‘और बीपी की?’ ती खालचा सैल करते. ते हसले. ‘फिर तो धागा निकलनाच था.’

अम्मी आतून ओरडली, पाट द्या, गुर्दा वाळतोय. त्या दिवशी अब्बांनी गुर्दा खाल्ला नाही. पथ्याने की अजून कशाने, मी विचारलं नाही.

पण समजणं वेगळं आणि सोडणं वेगळं. वयाच्या नवव्या वर्षी पहिला रोजा ठेवलेला माणूस. त्यांच्या अब्बांनी तेव्हा त्यांना नवा सदरा शिवला होता आणि गल्लीत खजूर वाटले होते. रोजा हा त्यांच्यासाठी नुसता फर्ज नव्हता. वर्षातले ते तीस दिवस ते दुकानातल्या कारागिरांशी आवाज चढवून बोलत नसत. गरीब माणूस सगळ्या वर्षात ज्या एका गोष्टीत श्रीमंताच्या बरोबरीने बसतो ती ही. ती काढून घेतली तर त्यांच्याकडे काय राहणार होतं, हा प्रश्न माझ्याकडच्या आकड्यांत कुठेच नव्हता.

मोहल्ल्यातल्या हाफिजसाहेबांकडे ते स्वतःच गेले, मला न सांगता. भावाने नंतर सांगितलं. हाफिजसाहेबांनी सूरह बकराचा हवाला दिला. आजारी आणि मुसाफिर यांना सवलत तिथेच दिलेली आहे. बरं होण्याची उमेद असेल तर नंतर रोजे भरून काढायचे, नसेल तर फिदिया, एका रोज्यामागे एका गरजूचं जेवण. हे अब्बांना माहीत नव्हतं असं नाही. हे प्रत्येकाला माहीत असतं. पण ती सवलत दुसऱ्या कुणासाठी असते असं आपण धरून चालतो. हाफिजसाहेब म्हणाले म्हणे, की ज्याने फर्ज दिलं त्यानेच सूट दिली, एक घ्यायचं आणि दुसरं नाकारायचं हे कुठलं अदब? अब्बा घरी येऊन दोन दिवस गप्प होते.

२०२०चा रमजान २५ एप्रिलला लागला, लॉकडाऊनमध्ये. दुकान बंद, ईदची एक ऑर्डर नाही, मस्जिदीला कुलूप. अब्बा घरातल्या मशीनवर उरलेल्या कापडाचे मास्क शिवत बसायचे. त्या वर्षी त्यांनी रोजे ठेवले नाहीत. तीस दिवसांच्या फिदियाचं धान्य बाजूच्या गल्लीतल्या एका घरी गेलं, कमावता माणूस मुंबईत अडकलेला. दुपारी अब्बा पाणी प्यायचे तेव्हा आतल्या खोलीत जाऊन, पाठ करून प्यायचे. अम्मी रोजा असताना ग्लास भरून द्यायची आणि बाहेर निघून जायची. मी एकदा म्हणालो, अब्बा, इथेच प्या, घरात कोण परकं आहे? ते म्हणाले, ‘शरम तो आतीच ना.’

त्यानंतर पाच-सहा वर्षं झाली. क्रिएटिनिन २.६च्या आसपास आहे. किडनीचा वेग तीसच्या खाली गेला आहे, डायलिसिस अजून नाही. कंबर दुखली की शेक घेतात. मेडिकलवाल्याने एकदा सवयीने ती पट्टी पुढे केली, तर त्याला दुकानातच वरच्या-खालच्या धाग्याचं सगळं सांगून आले.

एक वाद मात्र दरवर्षी होतो. चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. मेमधून एप्रिलमध्ये आला, मार्चमध्ये आला, आता थंडीत शिरतोय. अब्बा कॅलेंडर घेऊन बसतात. ‘अब तो दिन छोटा है, गर्मी बी नै. एकाद-दो रख लूं?’ मी म्हणतो, डॉक्टरांना विचारू. औरंगाबादचे डॉक्टर दरवर्षी रिपोर्ट बघतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, ‘शेखसाब, सवा लिटर का हिसाब याद है ना?’ अब्बा मान हलवतात. पुढच्या वर्षी परत विचारतात.

रात्रीचं उठणं काही थांबलेलं नाही. बारा, दोन, साडेतीन. साडेतीनला उठले की मग ते झोपत नाहीत. रमजानमध्ये वजू करतात, तहज्जुद पढतात, मग स्वयंपाकघरातला दिवा लावून चहाचं आधण ठेवतात आणि एकेकाच्या खोलीचं दार वाजवतात. भावाची पोरं मोबाइलचा अलार्म लावतच नाहीत. गेल्या रमजानला मी घरी होतो. दारावर दोन टकटक, आणि बाहेरून आवाज, ‘उठो रे, वक्त जा रा.’